सोमवारी मध्यरात्रीपर्यंत

नोटरीबाई आल्या तेव्हा माझ्या हाताला चकलीची भाजणी लागलेली होती. बुधवार, 8 नोव्हेंबर 2023. दुसऱ्या दिवशी वसुबारस. नोकरी सांभाळून फराळ करायचा म्हणजे रात्रीच बसावं लागतं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला वर्तमानपत्रावर चकल्या निवत होत्या. दुसऱ्या टोकाला बाईंनी सव्वाशे पानांचा गठ्ठा ठेवला, निळ्या शाईची दोन पेनं काढली आणि तासाभरात आम्ही नवराबायकोनं 3 लाख 90 हजार डॉलरचं नवीन कर्ज घेतलं. पाच दिवसांनी, सोमवारी दुपारी, ते रद्द केलं. रद्द करायला नऊ डॉलरसुद्धा लागले नाहीत.

हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. कारण ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यांतल्या निम्म्यांनी विचारलं, "सही केल्यावर रद्द होतं?" आणि बाकीच्यांच्या कपाटात रद्द करण्याच्या हक्काचा कागद न वाचता पडलेला होता.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासूबाई पुण्यात, कोथरूडला. मी त्यांना आई म्हणते. तिसरा मजला, जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. सासरे गेल्यापासून एकट्याच असतात. गुडघे दुखायला लागले तसं त्यांचं खाली उतरणं कमी होत गेलं. पायऱ्यांचा विषय त्या स्वतःहून कधी काढत नसत. "आज काही खाली गेले नाही," एवढंच म्हणायच्या, आणि हे वाक्य आठवड्यातून चारदा कानावर पडायचं. नवऱ्यानं बावधनला एक नवी इमारत पाहून ठेवली. दोन बेडरूमचं घर, लिफ्ट, लिफ्टला जनरेटर. किंमत सव्वा कोटीच्या आसपास. थोडे पैसे साठवलेले होते. कमी पडत होते 1 लाख 10 हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं साधारण 91 लाख रुपये.

आमच्या इथल्या घरावर आधीच एक कर्ज होतं, 2021 च्या फेब्रुवारीत स्वस्त दरानं फिरवून घेतलेलं. त्या जानेवारीत अमेरिकेत तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता. इतका खाली तो त्याआधी कधीच आला नव्हता. आम्हाला 2.875 मिळाला. महिन्याचा हप्ता 1,203 डॉलर, घरपट्टी आणि विमा वेगळा. 2023 च्या दिवाळीपर्यंत मुद्दल 2 लाख 73 हजारांवर आलं होतं.

पैशांची जुळवाजुळव चालली असताना ओळखीतले एक गृहस्थ मदतीला आले. गृहकर्ज मिळवून देणं हाच त्यांचा व्यवसाय. मराठी, दरवर्षी गणपतीच्या आरतीला भेटणारे, मला वहिनी म्हणणारे. त्यांना इथं नुसतं दादा म्हणते. त्यांनी सुचवलं की जुनं कर्ज फेडून टाकायचं, त्याच घरावर मोठं नवीन घ्यायचं, वरचे पैसे हातात. याला इथं कॅश-आउट रिफायनान्स म्हणतात. "एकच कर्ज, एकच हप्ता, दर पक्का. बघा वहिनी, पाडव्याला पैसे खात्यात." दर होता साडेसात टक्के. त्या आठवड्यात बाजारात तोच चालू होता, त्यांनी काही जास्त लावला नाही. त्यांनी मला एकही खोटी गोष्ट सांगितली नाही, हे मी आजही म्हणेन.

मी इस्पितळाच्या बिलिंग विभागात काम करते. दुसऱ्यांच्या बिलातली चुकीची ओळ शोधून काढणं हे माझं रोजचं काम. तरीही कर्जाचे अंतिम आकडे सांगणारी पाच पानं आधीच्या शुक्रवारी ई-मेलनं आली, तेव्हा मी ती डबा खाता खाता फोनवर उघडली, अंगठ्यानं सरकवत खालपर्यंत नेली आणि मिळाल्याचं बटण दाबलं. ही पानं सहीच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी हातात पडलीच पाहिजेत, असा नियम 2015 पासून आहे. म्हणजे वाचायला वेळ दिलेला होता. तो मी भाजणीच्या मागे घालवला.

खरं सांगायचं तर वेळ होता, पण वाचायचं नव्हतं. वाचलं की प्रश्न पडणार, आणि प्रश्न विचारायचे ते आपल्याच माणसाला. दादा दोनदा घरी येऊन गेले होते, एकदा तर मुलीला चॉकलेटं घेऊन. त्यांना "तुम्हाला यात काय मिळतं?" असं कोण विचारणार? त्यात पैसे सासूच्या घरासाठी. सून कागदावर बोट ठेवून आकडे मोजत बसली तर ते कसं दिसेल, हाही विचार होताच.

बुधवारी रात्री नोटरीबाई एकेक पान पुढे सरकवत होत्या. साठीच्या पुढच्या असाव्यात. प्रत्येक पानाचं नाव सांगायच्या, कुठं सही करायची ते दाखवायच्या, पुढचं पान. सल्ला द्यायची त्यांना परवानगी नसते, तेही त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. मध्येच चार कागद एकदम समोर आले. दोन नवऱ्याच्या नावाचे, दोन माझ्या. चारही सारखेच. रद्द करण्याच्या हक्काची सूचना, असा त्याचा मथळा. इथं मात्र बाई थांबल्या. हातानं लिहिलेल्या तारखेवर बोट ठेवलं, आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या की हा कागद सापडेल अशा जागी ठेवा. मी मान डोलावली आणि कागद हातात घेतला. अंगठा तेलकट होता. उजव्या कोपऱ्यात डाग पडला.

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "झालं एकदाचं." मी उरलेल्या चकल्या तळायला घेतल्या.

रात्री साडेअकराला ओटा पुसून झाल्यावर डाग पडलेला कागद उचलला. वाचायला नव्हे, पुसायला. तेव्हा तारीख दिसली, सोमवार, 13 नोव्हेंबर. वरच्या ओळीत लिहिलं होतं, तीन कामकाजाचे दिवस. बुधवारी सही केली तर तीन दिवस शनिवारी संपतात, आणि रविवार सोडून द्यायचा म्हटलं तरी शनिवारच येतो. मग सोमवार कुठून आला? पैशांची मला काळजी वाटली म्हणून मी तो कागद वाचला, असं म्हणायला आवडलं असतं. पण वाचला तो बेरीज जुळत नव्हती म्हणून.

हिशेब असा होता. या कामासाठी शनिवार धरतात, रविवार धरत नाहीत आणि केंद्र सरकारच्या ठरावीक सुट्ट्याही धरत नाहीत. 11 नोव्हेंबर हा इथं माजी सैनिकांचा दिवस, आणि त्या वर्षी तो नेमका शनिवारी आला होता. म्हणून गुरुवार एक, शुक्रवार दोन, आणि तिसरा थेट सोमवार. सोमवारी मध्यरात्रीपर्यंत मुदत. ती उलटल्याशिवाय बँक कर्जाचा एक डॉलरही सोडू शकत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादांनी पाडवा सांगितला होता तो मुहूर्त पाहून नव्हे. मंगळवारच्या आधी पैसे सोडायला कायद्याचीच बंदी होती, आणि मंगळवारी पाडवा होता.

मग बाकीचा कागदही वाचला. एकच पान, आणि भाषा चांगली सोपी. या व्यवहारामुळे तुमचं राहतं घर गहाण पडणार आहे. केंद्रीय कायद्यानं तुम्हाला हा व्यवहार रद्द करण्याचा हक्क आहे, त्याला खर्च नाही, कारण सांगावं लागत नाही. रद्द केलंत की गहाणखतही रद्द. तुम्ही या व्यवहारापोटी कुणालाही जे पैसे दिले असतील ते बँकेनं सूचना मिळाल्यापासून 20 दिवसांत परत करायचे. घराच्या मालकीत एकाहून जास्त नावं असतील तर त्यांतल्या एकानं रद्द केलं तरी ते सर्वांच्या वतीनं रद्द. तळाशी एक ओळ, मला रद्द करायचं आहे. खाली सही आणि तारखेची जागा. बाकी काही नाही.

सव्वाशे पानांच्या गठ्ठ्यात मला बांधून घेणारी पानं किती होती कोण जाणे. सोडवणारं एवढं एकच होतं, आणि त्याच्याच मला दोन प्रती मिळाल्या होत्या.

झोप उडाली ती उडालीच. शुक्रवारी फोनवर सरकवून टाकलेली पाच पानं आता लॅपटॉपवर उघडली. पाचव्या पानावर डाव्या बाजूला एक छोटा तक्ता असतो. पहिलीच ओळ, तीस वर्षांत तुम्ही एकूण किती भरणार. आकडा होता 9 लाख 80 हजारांच्या वर. खाली, एकूण व्याज मुद्दलाच्या किती टक्के, तर 150 हून जास्त. हे आकडे मोठे असले तरी त्यांनी मला तितकंसं घाबरवलं नाही. तीस वर्षांचं कुठलंही कर्ज असंच दिसतं. घाम फुटला तो पुढच्या साध्या वजाबाकीनं.

नवा हप्ता 2,727. जुना 1,203. फरक 1,524. वर्षाला 18,288 डॉलर. आणि हे कशासाठी? हातात येणार 1 लाख 10 हजार. म्हणजे त्या 1 लाख 10 हजारांसाठी आम्ही दरवर्षी सोळा टक्क्यांच्या वर भरणार होतो, आणि तेही जवळजवळ तीस वर्षं. कागदावर दर साडेसात लिहिलेला होता आणि तो खराच होता. पण साडेसात फक्त नव्या पैशांना लागत नव्हता. जे 2 लाख 73 हजार 2.875 टक्क्यांवर निवांत पडून होते, त्यांनाही आम्ही उठवून साडेसातच्या रांगेत उभं करत होतो. व्यवहाराचा खर्च म्हणून आणखी 7 हजार मुद्दलात मिळवलेले होतेच. जुन्या कर्जाला हात न लावता घराच्या आधारावर दुसरं छोटं कर्ज घेतलं असतं, तर त्याचा दर नऊच्या आसपास पडला असता. ऐकायला महाग. प्रत्यक्षात महिन्याचं व्याज सव्वाआठशे.

ही वजाबाकी मी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर तीनदा केली. तिसऱ्यांदाही तीच आली.

गुरुवारी मी काही बोलले नाही. शुक्रवारी, धनत्रयोदशीला, दिवा लावून झाल्यावर नवऱ्यासमोर तो पाठकोरा कागद ठेवला. त्यानं पाहिला आणि म्हणाला, "अगं, पण आता सही झाली ना." मी डागाचा कागद पुढे केला. त्याला वाटलं हे म्हणजे ते वकिलाचे तीन दिवस. आम्ही 2014 मध्ये हे घर घेतलं तेव्हा न्यू जर्सीच्या पद्धतीप्रमाणे खरेदीचा करार वकिलानं तपासायला तीन दिवस मिळाले होते, ते त्याला आठवत होतं. मी म्हटलं, "ते घराच्या सौद्याचे होते. हे कर्जाचे आहेत." घर खरेदीसाठी घेतलेल्या कर्जाला ही सवलत नसतेच. 2014 मध्ये असा कागद आम्हाला मिळाला नव्हता. राहतं घर एकदा आपलं झालं आणि नंतर ते कुणाकडे गहाण टाकायला निघालात, तर मिळते. मग मी कपाटातून 2021 ची फाइल काढली. त्यात होत्या चार प्रती, एकही घडी न मोडलेली. तेव्हा कोविडमुळे घराबाहेर अंगणात मास्क लावून, बोटं गारठलेली असताना सह्या केल्या होत्या. कोण वाचणार?

"मग आईचं काय?" नवऱ्यानं विचारलं.

त्यानं एवढंच विचारलं. पुढचं वाक्य तो बोलला नाही, पण मला ते ऐकू आलं. शनिवारचा अख्खा दिवस आम्ही एकमेकांशी मीठ, चहा आणि मुलीच्या क्लासपुरतं बोललो. मला राग याचा होता की वजाबाकी बरोबर असूनही अपराधी मीच ठरत होते. त्याला राग कसला होता हे त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं. त्यानं दादांना शब्द दिला होता, आणि तो मागे घेण्याच्या कल्पनेनंच त्याला घाम फुटत होता. त्या शनिवारी आम्ही दोघंही पैशांबद्दल बोलतच नव्हतो.

रविवारी लक्ष्मीपूजन. आमची सकाळ साडेआठची, पुण्यात संध्याकाळचे सात. आईंचा व्हिडिओ कॉल आला. पूजा झाली होती, मागे पणत्या दिसत होत्या. आई एका पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं कर्ज विभागात कारकून होत्या. घराचं त्यांना माहीत होतं. "तुम्हाला झेपत असेल तर घ्या," असं त्या म्हणालेल्या. पैसे कसे उभे करतोय हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं एकदम सगळं सांगून टाकलं. जुना दर, नवा दर, माझी वजाबाकी, सोमवारची मुदत. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "कागद नीट दाखव बघू. जवळ धर."

मी फोनसमोर कागद धरला. त्यांना इंग्रजी वाचता येतं, सावकाश. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "सही करताना माणूस कागदाकडे बघतच नाही रे. समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. आमच्याकडे जामीनदार म्हणून सही करायला लोक यायचे. मी विचारायची, वाचलं का? म्हणायचे, वाचायचं काय, मेव्हणा आहे. पुढे वसुलीची नोटीस गेली की तेच लोक माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणायचे, मॅडम, आता माझं नाव काढा ना. काढता कुठं येतंय! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडे हे चांगलं आहे. समोरचं तोंड घरी गेल्यावर विचार करायला देतात."

"पण आई, तुझ्या पायऱ्या..."

"पायऱ्या माझ्या आहेत. त्या तीस वर्षं फेडायच्या नाहीयेत तुला. भाड्यानं बघू की काहीतरी. मला बावधनला तरी कुठं जायचंय, माझी सगळी माणसं इथं कोथरूडात."

बावधनला जायचं आहे का, हे त्यांना आम्ही दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

रात्री आमची पूजा झाली. मुलगी झोपल्यावर मी कागद टेबलावर ठेवला, पेन ठेवलं. म्हटलं, "अरे, यात लिहिलंय की एकाचीच सही पुरे. मी एकटी करू शकते. पण तसं नको वाटतं." तो जरा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्यानं माझी प्रत माझ्याकडे सरकवली, स्वतःची स्वतःपुढे घेतली, आणि आम्ही दोघांनी आपापल्या कागदावर सही केली. तेलाचा डाग माझ्या प्रतीवर होता.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत पोस्टात गेले. पोहोच मिळणाऱ्या सर्टिफाइड टपालानं दोन्ही कागद बँकेनं दिलेल्या पत्त्यावर पाठवले. पत्र बँकेच्या हातात सोमवारी पडायलाच हवं असं नाही. टपालात टाकलं त्या क्षणी सूचना दिली असं कायदा धरतो. म्हणून तारखेचा शिक्का असलेली पावती महत्त्वाची. फोनवर सांगून भागत नाही, लेखीच हवं. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला, मी पावतीचा तिथंच फोटो काढला आणि गाडीत बसून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

दादांना फोन मीच केला. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "वहिनी, असं कसं? आधी बोलायचं ना माझ्याशी." बोलले असते तर रद्द झालं नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते चिडले नाहीत, पण त्यांच्या आवाजातली वहिनी जरा दूर गेली. पुढच्या आठवड्यातल्या दिवाळीच्या कार्यक्रमात ते आमच्या टेबलाशी आले नाहीत. त्याचं वाईट वाटलं. पुढच्या गणपतीत त्यांनीच प्रसाद हातावर ठेवला, तेव्हा बरं वाटलं.

एक खटका मात्र उडाला. ऑक्टोबरमध्ये घराचं मूल्यांकन करून घेण्यासाठी आम्ही कार्डावरून 600 डॉलर भरले होते. कर्ज देणाऱ्या कंपनीतला माणूस म्हणाला, मूल्यांकन तर झालं, ते पैसे त्रयस्थाला गेले, परत मिळायचे नाहीत. मी बिलिंगवाली बाई, मला हा सूर ओळखीचा. त्याला त्यांच्याच कागदातली ओळ वाचून दाखवली. या व्यवहारापोटी तुम्ही आम्हाला किंवा आणखी कुणाला दिलेले पैसे, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. तो म्हणाला, बघून सांगतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 600 डॉलर कार्डावर परत आले. जुनं कर्ज, जुना दर, जुना हप्ता जागचे हललेच नव्हते. ते फेडायला पैसे सुटलेच नव्हते ना.

त्यानंतर मी याबद्दल बरंच वाचलं. हा हक्क ज्या कायद्यात आहे तो 1968 चा. 29 मे 1968 ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. कर्जाची खरी किंमत कर्जदाराला कळावी हा त्याचा मुख्य हेतू. त्यात ही रद्द करण्याची तरतूद आली ती दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांमुळे. घराच्या डागडुजीची कामं मिळवायला हे लोक घरात येऊन बसायचे, गोड बोलायचे, कागदावर सही घ्यायचे. पुढे कधीतरी घरमालकाला कळायचं की त्या कागदानं आपलं घर गहाण पडलेलं आहे. पतसंस्थेतल्या आईंच्या टेबलावरची आणि या लोकांच्या ओसरीवरची गोष्ट फारशी वेगळी नव्हती.

सूचनेचा कागद दिलाच नाही, किंवा दराचे महत्त्वाचे आकडे नीट सांगितले नाहीत, तर हे तीन दिवस तीन वर्षांपर्यंत ताणले जातात. मिनेसोटातल्या एका जोडप्यानं कर्ज घेतल्याला बरोबर तीन वर्षं होत असताना असं पत्र पाठवलं होतं. नुसतं पत्र पुरे की तेवढ्या मुदतीत कोर्टातही जायला हवं, यावर भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी 2015 मध्ये न्यायालयानं एकमतानं सांगितलं की पत्र पुरे. अर्थात कर्ज रद्द झालं म्हणजे पैसे आपले झाले असं नाही. घेतलेली रक्कम परत करावीच लागते, आणि ती एव्हाना खर्च झालेली असते. म्हणून पैसे हातात पडायच्या आधीचे तीन दिवसच खरे.

काही अपवादही आहेत. जुन्याच बँकेनं नवे पैसे न देता तेच कर्ज फिरवून दिलं तर हक्क मिळत नाही. भाड्यानं दिलेल्या किंवा सुट्टीसाठीच्या घरावर कर्ज काढलं तर नाही, राहतंच घर हवं. खरीच आणीबाणी असेल तर हा हक्क सोडूनही देता येतो, पण ते कारण कर्जदारानं स्वतः लिहून द्यायचं असतं. छापील नमुन्यावर सही घेऊन चालत नाही. ज्यानं हा नियम लिहिला त्याला नक्कीच कुणीतरी दादा भेटला असणार.

भारतात गृहकर्जाला सहीनंतरची अशी पळवाट नाही. मंजुरी मिळाली आणि पैसे उचलले नाहीत तर थांबता येतं, पण प्रक्रिया शुल्क बहुधा जातं. उचलल्यावर फेडायचं एवढाच मार्ग. बदलत्या दराच्या कर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, हा मात्र मोठा दिलासा आहे. ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जाचे मुख्य आकडे एका ठरावीक तक्त्यात, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागतात, आणि तो तक्ता निदान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवावा लागतो. हे तीन दिवस सहीच्या आधीचे. ते कुणी वापरतं का, हे मी विचारू शकत नाही. इथले आधीचे तीन दिवस मी काय केले ते वर लिहिलंच आहे.

आई जानेवारीत कोथरूडातच दोन गल्ल्या पलीकडे लिफ्ट असलेल्या भाड्याच्या घरात राहायला गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यांनी कॉलेजातल्या मुलींना दिलं. एकाचं भाडं दुसऱ्याला जवळजवळ पुरतं. वरचे थोडे आम्ही घालतो.

उन्हाळ्यात त्या इथं आल्या. एका दुपारी म्हणाल्या, तो कागद खरोखरचा बघायचाय. पाठवलेली प्रत अर्थातच गेलेली होती. मी फाइलमधून उरलेली काढून दिली. त्यांनी चष्मा लावला, खिडकीशी उजेडात बसल्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. मग म्हणाल्या, "डाग पडलेला तो हाच का?"

"नाही आई, तो पाठवला. ही दुसरी प्रत."

"म्हणजे एक पाठवायची, एक ठेवायची. म्हणून दोन." त्यांनी समाधानानं मान हलवली. "आणि पोस्टाची पावती?"

पावती 2023 च्या करांच्या लिफाफ्यात होती. ती शोधून आणली. आईंनी पर्समधून एक टाचणी काढली, पावती कागदाच्या डाव्या कोपऱ्याला लावली, वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारीख लिहिली आणि फाइल बंद करून माझ्या हातात दिली.